ग्रीन चॅनेलमध्ये शिरण्याआधी: परदेशातून सामान आणताना कस्टम्स काय बघतं

विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडताना कस्टम्सच्या (सीमाशुल्क खात्याच्या) दोन वाटा असतात. ग्रीन चॅनेल ही पटकन बाहेर पडायची वाट आणि रेड चॅनेल ही पकडले गेलेल्यांची, असा एक समज फार घट्ट रुजला आहे. तो आधी डोक्यातून काढून टाका. दोन चॅनेलची पद्धत जिथे जिथे आहे तिथे हिरव्या पाटीखालून पाऊल पुढे टाकणं हेच तुमचं निवेदन धरलं जातं: 'माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.' कागद भरला नाही, तोंडातून शब्द काढला नाही, तरी निवेदन झालं. त्यानंतर अधिकाऱ्याने बॅग स्कॅनरवर ठेवायला सांगितली आणि 'मी सांगणारच होतो' म्हटलं, तर त्याला काही अर्थ उरत नाही.

रेड चॅनेलला गेल्याने दंड होत नाही. तिथे फार तर ड्यूटी (आयात मालावरचा कर) भरावी लागते, आणि पुष्कळदा वस्तू बघून, बिल चाळून 'जा' म्हणतात. शंका असेल तर लाल बाजूला जायचं, हा नियम मी प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेकांना तो भाबडा वाटतो. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे निवेदनाची पद्धत निराळी आहे: कार्ड, ऑनलाइन फॉर्म किंवा थेट प्रश्न. तत्त्व तेच. विचारलेल्या प्रश्नाला 'नाही' म्हटलं की ते उत्तर तुम्हाला बांधील.

मात्र काय सांगायचं हे कळायला सामानाची वाटणी वेगळ्या पद्धतीने करावी लागते. लोक एकच आकडा पाठ करतात, 'अमुक रकमेपर्यंत माफ', आणि त्या आकड्याखाली सगळी बॅग झाकायला बघतात. कस्टम्स तसं बघत नाही. आधी बंदी किंवा परवाना लागणाऱ्या वस्तू, मग नग, लिटर, ग्रॅममध्ये मर्यादा असलेल्या वस्तू (दारू, तंबाखू, सोनं), आणि या दोन्हीतून जे उरेल त्याला रकमेची सवलत. दहा युरोचं सॉसेज रकमेत बसतं म्हणून आत येत नाही.

रकमेची सवलत: आकडा सोपा, हिशेब अवघड

आकडे आधी सांगून टाकतो. युरोपीय संघात बाहेरून विमानाने किंवा समुद्रमार्गे येणाऱ्याला ४३० युरो, रस्त्याने किंवा रेल्वेने येणाऱ्याला ३०० युरो. अमेरिकेच्या रहिवाशाला ८०० डॉलर. ऑस्ट्रेलियात प्रौढाला ९०० ऑस्ट्रेलियन डॉलर, १८ वर्षांखालील मुलाला ४५०. न्यूझीलंडमध्ये ७०० न्यूझीलंड डॉलर. जपानमध्ये २ लाख येन. सिंगापूरमध्ये ४८ तास किंवा जास्त बाहेर राहिलात तर ५०० सिंगापूर डॉलर, त्याहून कमी राहिलात तर फक्त १००. स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२५ पासून आपला आकडा ३०० फ्रँकवरून १५० वर आणला. भारतात परतणाऱ्या रहिवाशासाठी तो फेब्रुवारी २०२६ पासून ७५,००० रुपये आहे, आधी ५०,००० होता.

आता मर्यादा ओलांडली तर काय होतं ते बघा, कारण खरा फरक इथे पडतो. 'वरच्या रकमेवर ड्यूटी' हे प्रत्येक देशात खरं नाही. स्वित्झर्लंडमध्ये माणशी १५० फ्रँक ओलांडले की व्हॅट (मूल्यवर्धित कर) सगळ्या सामानाच्या रकमेवर लागतो. ऑस्ट्रेलियातही मर्यादा ओलांडली की त्या प्रकारच्या सगळ्या मालावर आकारणी होते. कॅनडात २४ तासांहून अधिक बाहेर राहिलेल्याला २०० कॅनेडियन डॉलरची सवलत मिळते, पण माल २०१ डॉलरचा झाला की ती सवलतच जाते आणि पूर्ण रक्कम हिशेबात येते. ४८ तासांनंतरची ८०० डॉलरची सवलत तशी उडून जात नाही.

युरोपीय संघात आणखी एक मेख आहे. एका वस्तूची किंमत तोडता येत नाही. ६०० युरोचा कॅमेरा आणला तर '४३० माझे माफ, १७० वर कर घ्या' असं चालत नाही, पूर्ण ६०० वर कर बसतो. नवरा-बायको दोघे आहेत, दोघांचे मिळून ८६०, म्हणून कॅमेरा त्यात बसतो, हेही चालत नाही. पण वस्तू वेगवेगळ्या असतील तर हिशेब बदलतो. समजा एकाकडे २५० युरोचं घड्याळ, १५० युरोचे बूट आणि ९० युरोचा परफ्यूम आहे. एकूण ४९०. घड्याळ आणि बूट मिळून ४०० सवलतीत जातात, परफ्यूम उरतो आणि कर त्या ९० वर लागतो, ६० वर नाही. जपानमध्येही एकटी वस्तू २ लाख येनच्या वर गेली की तिच्या पूर्ण किमतीवर आकारणी होते.

कुटुंबाची सवलत एकत्र करता येते का? अमेरिकेत एकाच घरात राहणारं कुटुंब एकत्र निवेदन देऊन सवलत मिळवू शकतं, ऑस्ट्रेलियातही एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाला तशी मुभा आहे. भारतात नाही, एका प्रवाशाची सवलत दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. म्हणून सहा वस्तू सहा जणांच्या बॅगांत वाटायच्या असतील तर प्रत्येक वस्तू खरोखर त्या त्या माणसाची असायला हवी. दोन वर्षांच्या मुलाच्या नावावर महागडा फोन दाखवणाऱ्यांना काउंटरवर काय ऐकावं लागत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

किती काळ बाहेर होतात हेही लोक विसरतात. अमेरिकेची ८०० डॉलरची सवलत साधारणपणे किमान ४८ तास बाहेर राहिल्यावर आणि ३० दिवसांतून एकदाच मिळते. दर पंधरवड्याला ये-जा करणाऱ्याने ती दर वेळी गृहीत धरू नये.

किंमत कोणती धरतात? तुम्ही प्रत्यक्ष मोजलेली, आणि तिचा पुरावा म्हणजे बिल. बिल नसेल तर अधिकारी तीच वस्तू इंटरनेटवर शोधतो आणि समोर दिसेल ती किंमत धरतो. सेलमध्ये निम्म्या किमतीत घेतलेली बॅग पूर्ण किमतीला मोजली जाते ती अशी. बिल ई-मेलवर असेल तर ते आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, विमानतळाचं वायफाय ऐनवेळी दगा देतं. कोणी भेट दिलेली वस्तूही मोजली जाते, तुम्ही पैसे दिले नाहीत याने फरक पडत नाही. देणाऱ्याला किंमत विचारायचा संकोच वाटतो खरा, पण काउंटरवर विचारणारा संकोच करत नाही.

खोकं फेकून, टॅग कापून वस्तू 'वापरलेली' करायची युक्ती जुनी आहे. फोन, लॅपटॉप, लेन्स यांच्यावर सीरियल नंबर असतो, वॉरंटी कधी सुरू झाली ते त्यावरून निघतं. शिवाय बहुतेक देशांत प्रश्न वस्तू नवी की जुनी एवढाच नसून ती तुम्ही कुठे मिळवली हाही असतो. परदेशात विकत घेऊन पंधरा दिवस वापरलेला कॅमेरा परदेशात घेतलेलाच राहतो.

दुकानाने टॅक्स परत दिला म्हणजे काम संपलं, हा दुसरा गोंधळ. तो परतावा तिकडच्या देशाचा कर, इकडची ड्यूटी वेगळी. उलट परताव्याचा फॉर्म म्हणजे नवीन माल देशाबाहेर नेल्याचा तुम्ही स्वतः सही केलेला कागद. 'ड्यूटी-फ्री' दुकानाचंही तसंच: तिथला माल निघण्याच्या जागी करमुक्त असतो, पोहोचल्यावर तो तुमच्या सवलतीत मोजला जातो. आणि ती लाल किनारीची सीलबंद पारदर्शक पिशवी सुरक्षा तपासणीच्या द्रव-नियमासाठी असते, कस्टम्सला तिच्याशी काही देणंघेणं नाही.

लिटर, नग आणि ग्रॅम

दारूचं माप प्रत्येक देशाचं वेगळं. भारत २ लिटर, ऑस्ट्रेलिया २.२५ लिटर, जपान सुमारे ७६० मिलिलिटरच्या तीन बाटल्या, अमेरिका २१ वर्षांवरच्या व्यक्तीला १ लिटर. युरोपीय संघात २२ टक्क्यांहून कडक दारू १ लिटर किंवा त्याहून सौम्य २ लिटर, आणि शिवाय ४ लिटर साधी वाइन व १६ लिटर बिअर. याच्याशी विमानाचा नियम मिसळू नका. तो धोकादायक मालाचा नियम आहे: ७० टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेली बाटली विमानात अजिबात नाही, २४ ते ७० टक्क्यांमधली माणशी ५ लिटरपर्यंत, मूळ पॅकिंगमध्ये. विमान कंपनीने ५ लिटर नेऊ दिले म्हणून पलीकडे ५ लिटर माफ होत नाहीत.

तंबाखूत फरक आणखी टोकाचे आहेत. युरोपीय संघात विमानाने येणाऱ्याला २०० सिगारेट, भारतात १००, न्यूझीलंडमध्ये ५०, ऑस्ट्रेलियात २५, आणि सिंगापूरमध्ये शून्य. सिंगापूरला उतरताना खिशातलं अर्धं पाकीटसुद्धा सांगावं लागतं. ई-सिगारेट तर काही ठिकाणी थेट बंदीत येते: भारतात २०१९ पासून, तसंच सिंगापूर आणि थायलंडमध्ये. 'माझ्यापुरतीच आहे' याने बंदी उठत नाही.

सोन्याबद्दल भारतापुरतं एवढंच: वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्या स्त्रीला ४० ग्रॅम आणि इतरांना २० ग्रॅमपर्यंत दागिने माफ आहेत. नाणी आणि बिस्किटं यात मोडत नाहीत, आणि आठवडाभराच्या सहलीवरून येणाऱ्याला ही सवलत लागू नाही. ड्रोनची आयात भारतात फेब्रुवारी २०२२ पासून मोजके अपवाद सोडता बंद आहे, तरी लोक ते खेळण्याच्या खोक्यात घालून आणतात.

खाण्याच्या वस्तू, झाडं, माती

सर्वांत जास्त सामान कचऱ्यात जातं ते इथे, आणि सर्वांत जास्त वादही इथेच होतात, कारण वस्तू किरकोळ असते आणि नियम कडक. कारण पैशाचं नसून रोगाचं आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू गोठवलेल्या आणि खारवून वाळवलेल्या डुकराच्या मांसात महिनोन् महिने टिकतो. प्रवाशाने अर्धवट खाऊन टाकलेलं सँडविच एखाद्या डुकराच्या तोंडी लागलं तरी साथ पसरायला तेवढं पुरतं. लाळ्या-खुरकताचं तसंच. चांगलं शिजवल्यावर विषाणू मरतो हे बरोबर, पण समोरच्या पाकिटातला तुकडा नेमका किती तापमानाला किती वेळ शिजला हे अधिकाऱ्याला बघून कळत नाही, म्हणून सरसकट बंदी.

युरोपीय संघात बाहेरच्या बहुतेक देशांतून मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत. तान्ह्या बाळाची दूध-पावडर आणि वैद्यकीय कारणाने लागणारं खास अन्न २ किलोपर्यंत चालतं, पण पाकीट न फोडलेलं, ब्रँडचं, आणि उघडेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवावं लागत नसेल असं हवं. मध २ किलोपर्यंत. मासे मात्र २० किलोपर्यंत, किंवा एकच मासा त्याहून मोठा असेल तर तेवढा एक. हा तपशील वाचून बहुतेक जण हसतात, पण तो अगदी खरा आहे.

फळं-भाज्यांसाठी तिथे १४ डिसेंबर २०१९ पासून वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यातून पाच फळं सुटली आहेत: अननस, नारळ, ड्युरियन, केळं आणि खजूर. बाकी एक सफरचंदसुद्धा नाही. न्यूझीलंडमध्ये न सांगितलेल्या फळासाठी जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो, आणि तो बहुधा विमानातच मिळालेल्या फळावर होतो. जेवणाच्या ट्रेमधलं फळ हँडबॅगेत टाकलं जातं, उतरताना आठवत नाही, आणि ते हुंगायला कुत्रा तयारच असतो. उतरण्याआधी बॅगेचे बाहेरचे कप्पे एकदा उलटे करून बघा.

चिखल लागलेले ट्रेकिंगचे बूट, तंबूचे खुंटे, गोल्फच्या काठ्या हेही यात येतात. माती म्हणजे बिया, बुरशी, सूत्रकृमी (पिकांना लागणारे सूक्ष्म कृमी). ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाण्यापूर्वी तळव्याच्या खाचा जुन्या टूथब्रशने घासून, बूट वाळवून भरा आणि तरीही सांगा. लाकडी शोभेच्या वस्तूवर साल शिल्लक असेल, किंवा बारीक भोकं आणि त्यांच्याखाली पिठासारखा भुसा दिसत असेल, तर ती वस्तू आत जाणार नाही असंच धरून चाला. घेतानाच दुकानात उलटी करून, तळ बघून घ्यावी.

इथली सर्वांत मोठी सोय बरेच जण वाया घालवतात. सांगितलेली वस्तू नाकारली गेली तर ती फार तर टाकून देतात. न सांगितलेली तीच वस्तू दंड घेऊन येते. जॅमची बाटली सांगायची लाज वाटू देऊ नका.

दुकानात मिळतं म्हणून सीमेपार जातं असं नाही

वन्यजीवांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार, म्हणजे साइटस, १९७३ मध्ये झाला आणि १९७५ पासून अमलात आहे. पोवळं, अजगराच्या कातड्याचं पाकीट, हस्तिदंताचं बटण, कासवाच्या पाठीचा कंगवा, काही शंख आणि काही लाकडं यात येतात. बाजारात उघड विकली जातात, दुकानदार 'काही होत नाही' म्हणतो, आणि त्याच्या दुकानापुरतं ते खरंही असतं. व्यक्तिगत वापरासाठी करारात काही सूट आहे: माणशी १२५ ग्रॅम कॅव्हियार (खारवलेली माशाची अंडी), तीन क्वीन काँच शंख, चार समुद्रघोडे, मगरीच्या कातड्याच्या चार वस्तू. पण कित्येक देश त्याहून कडक नियम लावतात, म्हणून ही सूट हक्क समजू नये. समुद्रकिनाऱ्यावर स्वतः वेचलेला पोवळ्याचा तुकडासुद्धा पोवळंच ठरतो.

औषधं मूळ पाकिटात, जेनेरिक नाव (औषधातल्या मूळ घटकाचं नाव) लिहिलेल्या प्रिस्क्रिप्शनसह, आणि प्रवासाला पुरेल एवढीच. ब्रँडचं नाव दुसऱ्या देशात कुणाला कळत नाही. जपानमध्ये १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची गोळी चालत नाही, आणि अ‍ॅम्फेटामीन असलेली औषधं प्रिस्क्रिप्शन असलं तरी बंद आहेत. एका महिन्याहून जास्त साठा न्यायचा असेल तर तिथली परवानगी आधी काढावी लागते.

रोख रकमेवर बहुतेक ठिकाणी बंदी नसते, सांगायचं असतं. अमेरिकेत १०,००० डॉलरच्या वर, युरोपीय संघात १०,००० युरो किंवा अधिक. शेवटच्या 'किंवा अधिक'मुळे बरोबर दहा हजार बाळगणारा अडकतो. अमेरिकेत एकत्र निवेदन देणाऱ्या कुटुंबाची रक्कम एकत्र धरतात. युरोपीय संघात जून २०२१ पासून सोन्याची नाणी आणि लगडीही या हिशेबात येतात. भारतात येताना परकीय नोटा ५,००० डॉलरच्या वर, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून १०,००० डॉलरच्या वर असतील तर चलन निवेदनाचा फॉर्म भरायचा.

तपासणी कुठे होते आणि काउंटरवर काय लागतं

विमान बदलणाऱ्यांची गल्लत इथे होते. अमेरिकेत पहिल्या विमानतळावरच बॅग बेल्टवरून घेऊन कस्टम्समधून न्यावी लागते, पुढचं तिकीट देशांतर्गत असलं तरी. युरोपीय संघात बाहेरून येऊन आत विमान बदललं तर हँडबॅग पहिल्या विमानतळावर तपासली जाते आणि चेक-इन बॅग शेवटच्या. म्हणजे हातातल्या घड्याळाबद्दल सांगायची जागा पहिली, मोठ्या बॅगेतल्या बुटांबद्दल सांगायची जागा शेवटची.

रेड काउंटरवर पासपोर्ट, बोर्डिंग पास, बिलं आणि एक साधी यादी लागते: वस्तू, किंमत, चलन. विनिमय दर बँकेचा किंवा कार्डाचा नसून कस्टम्सने जाहीर केलेला धरतात, म्हणून तुमचा हिशेब थोडा चुकू शकतो. एकाच मॉडेलचे पाच फोन असतील तर ते वैयक्तिक सामान ठरणार नाहीत, रकमेत बसले तरीही. आणि दुसऱ्याने बांधून दिलेलं पार्सल आणू नये. बॅग तुमची असेल तर आतल्या प्रत्येक वस्तूचं उत्तर तुम्हीच द्यायचं असतं, 'मावशीने दिलंय' हे उत्तर होत नाही. ड्यूटी भरून सोडवण्यात अर्थ वाटत नसेल, तर भारतात सीमाशुल्क कायद्याच्या कलम ८० खाली, खरं निवेदन केलेली वस्तू पावती घेऊन कस्टम्सकडे ठेवता येते आणि देशाबाहेर जाताना परत घेता येते.

महागडी वस्तू घरून परदेशात नेत असाल तर निघण्याआधी तिची नोंद करा. अमेरिकेत त्यासाठी फॉर्म ४४५७ आहे, भारतात निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र मिळतं. वस्तू आणि सीरियल नंबर दोन्ही प्रत्यक्ष दाखवावे लागतात, म्हणून ती चेक-इन बॅगेत टाकण्याआधी तिकडे जायचं. लोक आधी बॅग देऊन मोकळे होतात आणि मग नुसता नंबर सांगतात, त्यावर कोणी शिक्का मारत नाही. चित्रीकरणाचं किंवा वाद्यवृंदाचं व्यावसायिक साहित्य असेल तर एटीए कार्ने (माल तात्पुरता नेऊन परत आणण्यासाठीचा कस्टम्सचा दस्तऐवज) काढावं. ते वर्षभर चालतं, पण वापरून संपणाऱ्या वस्तूंना लागू होत नाही.

ड्यूटी भरली असेल तर त्या पावतीवर वस्तूचा सीरियल नंबर लिहून घ्या. नुसतं 'कॅमेरा, १ नग' लिहिलेली पावती पुढच्या प्रवासात उपयोगाची नाही. नंबर असेल तर तोच कॅमेरा पुन्हा बाहेर नेऊन आणताना वेगळं प्रमाणपत्र काढावं लागत नाही. थर्मल कागदावरची शाई वर्षा-दोन वर्षांत उडते, त्यामुळे पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.